एका गोलासाठी दोहा

कतारमध्ये भारताचा फुटबॉल संघ खेळतो तेव्हा पाहुणा असतो तो समोरचा संघ. ही गोष्ट दोह्याला पाय लागेपर्यंत मला कोणी सांगितली नव्हती. 2024 च्या जानेवारीत तिथे आशिया चषक होता. कागदोपत्री ही स्पर्धा 2023 ची, आणि व्हायची होती चीनमध्ये. करोनामुळे चीनने अंग काढून घेतलं, यजमानपद कतारला गेलं आणि तिथला उन्हाळा टाळायचा म्हणून ती पुढच्या जानेवारीत ढकलली गेली. आमच्या दृष्टीने बरंच झालं. जानेवारीत साखर कारखाने चालू, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, आणि कोल्हापुरात फुटबॉलचा हंगाम नुकता रंगात यायला लागलेला. नेमका तो सोडून निघालो.

कोल्हापूरच्या माणसाला फुटबॉल नवा नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि प्रॅक्टिस क्लबची मॅच असली की अर्धं शहर एकमेकांशी बोलत नाही. वर्ल्ड कपला गल्लीच्या तोंडाशी मेस्सी आणि नेमारचे कटआउट लागतात, अर्जेंटिनावाले आणि ब्राझीलवाले एकाच घरात वेगळ्या ताटात जेवतात. पण भारताच्या संघाचा कटआउट माझ्या तरी पाहण्यात नाही. त्यामुळे भारताची मॅच बघायला परदेशी चाललोय म्हटल्यावर कट्ट्यावर जो हशा पिकला, त्यात मला काही गैर वाटलं नाही. ‘वर्ल्ड कप झाला की गेल्याच्या गेल्या साली,’ एकाने आठवण करून दिली. दुसऱ्याने काळजीने विचारलं, ‘सुट्टी काय म्हणून टाकलीस?’

आशेला जागा नव्हती असं नाही. 2023 मध्ये आपण तीन स्पर्धा जिंकल्या होत्या: तिरंगी, इंटरकॉन्टिनेन्टल चषक आणि सॅफ. नोव्हेंबरमध्ये कुवेतमध्ये जाऊन कुवेतला 1-0 ने हरवलं होतं. त्याच्या आधी क्रमवारीत काही काळ पहिल्या शंभरात डोकावून आलो होतो. दोह्याला निघताना आपण 102 वे. गटात ऑस्ट्रेलिया 25 वा, उझबेकिस्तान 68 वा, सीरिया 91 वा. जिंकू असं कोणी शहाणा माणूस म्हणत नव्हता. एखादा गोल, एखादी बरोबरी, जमलं तर सीरियाविरुद्ध विजय, एवढाच हिशोब होता.

दोह्याचं पहिलं नवल म्हणजे थंडी. वाळवंट म्हणून पातळ सदरे भरून नेलेली माणसं संध्याकाळी समुद्राकडून वारा सुटला की दुकानात स्वेटर शोधत फिरतात. दुसरं नवल, चालकाशिवाय धावणारी मेट्रो. दोन रियाल टाकायचे आणि अगदी पुढच्या डब्यात काचेशी उभं राहायचं. समोर बोगदा उलगडत जातो आणि चालवायला कोणीच नसतं. मुशैरिब स्टेशनवर गाड्या बदलताना तर आपण स्टेशनात आहोत की संग्रहालयात, हे कळत नाही. तिसरं नवल सूक वाकिफच्या बाजारात. तिथे ससाण्यांची दुकानं आहेत. डोळ्यांवर चामड्याची टोपी घातलेले पक्षी रांगेत बसलेले, शेजारी त्यांचं इस्पितळ. या पक्ष्यांना प्रवासासाठी पासपोर्ट मिळतो हे ऐकलं तेव्हा, कोल्हापूरच्या पासपोर्टसाठी पूर्वी पुण्याला मारलेले हेलपाटे आठवले. उंच इमारतींबद्दल सगळेच लिहितात, मी लिहीत नाही. त्या दिसतात तशाच आहेत, उंच.

खरं नवल अल रिफा स्टेशनवर उतरल्यावर होतं. ऑस्ट्रेलियाविरुद्धची मॅच शनिवारी, 13 जानेवारीला, दुपारी अडीच वाजता. शनिवार म्हणजे तिथला सुट्टीचा दिवस. सरकत्या जिन्यावरून वर येतो तर समोर सगळं निळं. निळे शर्ट, निळे पट्टे, गालावर तिरंगा, लहान पोरांच्या पाठीवर 11 आकडा आणि कर्णधार छेत्रीचं नाव. कतारची लोकसंख्या साधारण तीस लाख, त्यातले स्थानिक कतारी फार तर आठ-दहात एक, आणि भारतीय सात-आठ लाख. या भारतीयांत सगळ्यांत ठळक दिसतात ते केरळचे. स्टेशनबाहेरच्या फरसबंदीवर त्यांच्या एका टोळक्याने ढोल धरला होता. आवाज कानावर पडला आणि पाय थबकले. हा ठेका, ही थाप, हे तर आपलंच! विचारल्यावर मिशीवाल्या वादकाने अभिमानाने सांगितलं, ‘नासिक ढोल!’ केरळात उत्सवाला, मिरवणुकीला, फुटबॉलला नाशिकचा ढोल लागतोच, त्याची पथकं गावोगावी आहेत. म्हणजे गोदावरीकाठचा ढोल मलबारात गेला, तिथून बोटीने की विमानाने कोण जाणे पण आखातात आला, आणि पंचगंगेकाठच्या माणसाला तो ऑस्ट्रेलियाच्या मॅचआधी वाळवंटात भेटला. मी कोल्हापूरचा असल्याचं सांगून उपयोग झाला नाही. मुंबई म्हटल्यावर त्याचं समाधान झालं.

अहमद बिन अली स्टेडियम अल रय्यान भागात आहे. बाहेरून सगळीकडे जाळीदार नक्षी, रात्री ती उजळते. ते उभारण्यात आपल्या लार्सन अँड टुब्रोचाही हात आहे. माझी जागा वरच्या मजल्यावर, गोलच्या मागे. सगळ्यांत स्वस्त तिकीट 25 रियालचं होतं, तेव्हा शेजारी कोण बसणार हे ठरलेलंच. डावीकडे मलप्पुरम जिल्ह्यातल्या मंजेरीचा एक लिफ्ट दुरुस्त करणारा, वय पन्नाशीचं. त्याला मी चेट्टन म्हणू लागलो आणि तो मला भाईसाब. उजवीकडे कोलकात्याहून आलेली दोन पोरं, घसा आधीच बसलेला. खाली काही रांगा सोडून ‘ब्लू पिलग्रिम्स’ हा समर्थकांचा जथा, ढोल-झेंड्यांसकट. राष्ट्रगीत सुरू झालं तेव्हा त्या पस्तीस हजारांत पिवळे शर्ट शोधावे लागत होते.

मॅचला पंच म्हणून आल्या जपानच्या योशिमी यामाशिता. पुरुषांच्या आशिया चषकात बाईने मुख्य पंच होण्याची ही पहिलीच वेळ होती. चेट्टन टाळ्या वाजवत होता. मी सहज म्हटलं, आमच्याकडे पेठांच्या मॅचला बाई पंच आली तर मैदान निम्मं शांत होईल. तो म्हणाला, आमच्याकडे सेव्हन्सला आली तर दुप्पट ओरडतील. केरळात नोव्हेंबरपासून उन्हाळ्यापर्यंत सात-सात जणांच्या स्पर्धा चालतात, भात कापलेल्या शेतात सुपारीच्या खांबांची गॅलरी उभी करून. त्यात खेळायला आफ्रिकेतून पोरं येतात. तो स्वतः तसल्या गॅलरीत वाढलेला. ऑफसाईड पकडायला त्याला निशाणाची गरज नव्हती.

पहिल्या पाऊण तासात जे घडलं ते मी पुन्हा पुन्हा सांगत आलोय आणि कोल्हापुरात कोणी पुरतं मानत नाही. ऑस्ट्रेलियाकडे चेंडू, ऑस्ट्रेलियाकडे उंची, ऑस्ट्रेलियाकडे सगळं. आणि तरी भारत हलत नव्हता. संदेश झिंगन आणि आपला मुंबईकर राहुल भेके, दोघे मध्ये पाय रोवून उभे. येईल तो चेंडू डोक्याने, गुडघ्याने, मिळेल त्या हाडाने बाहेर. आणि मग पंधरा-सोळा मिनिटं झाली असताना उजवीकडून निखिल पुजारीचा क्रॉस आला. छेत्री डीमध्ये एकटा. जवळ कोणी नाही, वर फक्त चेंडू. आम्ही ज्या गोलच्या मागे होतो त्याच गोलवर तो चालून येत होता, त्यामुळे त्याचा चेहरा दिसत होता. पस्तीस हजार माणसांनी एकाच वेळी श्वास आत घेतला की कसा आवाज होतो, तो मी तिथे ऐकला. हेडर पोस्टच्या बाहेरून गेला. चेट्टनने दोन्ही हात डोक्यावर ठेवले ते बराच वेळ काढलेच नाहीत.

मध्यंतराला 0-0. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, एकमेकांना मिठ्या मारत होते. अनोळखी माणसाने मला खजूर दिले. पन्नासाव्या मिनिटाला एका क्रॉसवर गुरप्रीत सिंग संधू पुढे आला, मुठीने चेंडू पुरता बाहेर गेला नाही, तो पडला जॅक्सन अर्विनच्या पायाशी. डाव्या पायाने त्याने तो जाळीत घातला. त्र्याहत्तराव्या मिनिटाला जॉर्डन बॉस मैदानात आल्या आल्या दुसरा. संपलं. पण कोणी उठलं नाही. मॅच संपल्यावर खेळाडू आमच्या बाजूला आले, हात डोक्यावर नेऊन सगळ्यांबरोबर एका लयीत टाळी वाजवली. ऑस्ट्रेलियाविरुद्ध 0-2 म्हणजे आपल्याकडे जवळजवळ प्रतिष्ठाच. 2011 मध्ये याच शहरात, याच स्पर्धेत, त्यांनी आपल्याला चार घातले होते. परतताना मेट्रोत निळ्या गर्दीत अडकलेल्या पर्थच्या एका जोडप्याला लोक जागा करून देत होते, वर त्यांच्याबरोबर फोटोही काढत होते. जिंकलेल्यांना एवढा मान मिळाल्यावर तेच जरा ओशाळल्यासारखे दिसले.

दोन दिवसांनी संक्रांत. बरोबर तिळगूळ नेला होता, तो वाटायला माणसं शोधत होतो. खेडकडचे एक चाचा भेटले, रत्नागिरी जिल्ह्यातले, दोह्यात तीस वर्षं गाडी चालवतात. करकच्या टपरीवर माझं फोनवरचं मराठी ऐकून गाडीतूनच हाक मारली, ‘काय ओ, कंचा गाव?’ करक म्हणजे दूध आटवलेला, वेलदोड्याचा कडक चहा. गाडीतून खाली न उतरता हॉर्न वाजवायचा, पोऱ्या कप आणून देतो. चाचांनी तिळाचा लाडू तोंडात टाकला आणि फुटबॉलवर आले. ‘हितं आल्यावर तुमचा कोल्हापूर काय नि आमचा खेड काय, बॉलच्या वक्ताला सगलेच मलबारी.’ त्यांच्या मुलाने गुरुवारची तिकिटं काढली होती. स्वतःला रस क्रिकेटमध्ये. ‘पन पोरगा म्हनतो, अब्बा, हितं आपला झेंडा घेऊन वरडायला दुसरी जागा कंची?’ हे वाक्य त्या सगळ्या प्रवासात माझ्याबरोबर राहिलं. राबायला आलेल्या माणसाला त्या देशात आवाज चढवायची मुभा फारशी कुठे नाही. स्टेडियममध्ये आहे, आणि तिकीट 25 रियाल.

गुरुवारच्या उझबेकिस्तानच्या मॅचबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ती तेवढ्याच लायकीची होती. संध्याकाळी साडेपाचची वेळ, लोक कामावरून थेट आलेले, कोणी कंपनीच्या कपड्यांवरच निळा शर्ट चढवलेला. प्रेक्षक पहिल्यापेक्षा जास्त, अडतीस हजारांच्या वर. चौथ्या मिनिटाला अब्बोसबेक फैजुल्लाएवने हेडर मारला तेव्हा निम्मे लोक अजून जागा शोधत होते. अठराव्याला सर्गेएव, आणि मध्यंतराच्या तोंडावर नसरुल्लाएव. 0-3. फैजुल्लाएव तेव्हा वीस वर्षांचा. आदल्या वर्षी त्याच्या देशाने वीस वर्षांखालचा आशिया चषक जिंकला होता, स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू हाच. ती पोरं आता मोठ्यांच्या संघात येऊन आम्हाला मारत होती. उत्तरार्धात भारताने धडपड केली. चाल दरवेळी डीपर्यंत यायची आणि तिथे, वरात मांडवाच्या दारात येऊन नवरदेवच हरवावा, तसं व्हायचं. शेवटचा पाय कोणाचा, हेच ठरलेलं नव्हतं. चेट्टन त्या रात्री पहिल्यांदा शिवी हासडून बोलला, मल्याळममध्ये. भाषांतराची गरज पडली नाही.

तरी हिशोब मिटला नव्हता. सहा गट, प्रत्येकी चार संघ. पहिले दोन पुढे, शिवाय तिसऱ्या क्रमांकांतले सर्वोत्तम चार. म्हणजे सीरियाला हरवलं तर तीन गुण, आणि कदाचित तिकीट. त्या आठवड्यात दोह्यातल्या मल्याळी हॉटेलांत परोट्याच्या कागदावर हे गणित मांडलं जात होतं. ओमान बरोबरी करेल, चीन तर गोलच करत नाही, इंडोनेशिया जपानशी हरेल. कोल्हापुरात पेठांच्या लीगच्या शेवटच्या आठवड्यात जे चालतं तेच, फक्त इथे देशांची नावं.

सीरियाची मॅच मंगळवारी, 23 जानेवारीला, दुपारी अडीचला. कामाचा दिवस, भर दुपार, आणि मैदान अल खोरला, दोह्यापासून चाळीसेक किलोमीटर उत्तरेला. मनात म्हटलं, आज मात्र रिकाम्या खुर्च्या बघायच्या. लुसैलपर्यंत मेट्रो, पुढे बस. बसच्या रांगेतच उत्तर मिळालं. कोणी रजा टाकली होती, कोणी रात्रपाळी बदलून घेतली होती, एकाने साहेबाला दात दुखतोय म्हणून सांगितलं होतं आणि गालावर तिरंगा रंगवून तो उभा होता. त्या दुपारी 42 हजारांच्या वर माणसं आली, तिन्ही मॅचमध्ये सगळ्यांत जास्त. दोन पराभव पाहून झालेले, एकही गोल नाही, आणि तरी गर्दी वाढलेली. मला दोह्यात सगळ्यांत जास्त नवल कशाचं वाटलं म्हणून कोणी विचारलं, तर मी ही दुपार सांगतो.

अल बैत स्टेडियम लांबून दिसतं ते तंबूसारखं, कारण ते तंबूच म्हणून उभारलंय. वाळवंटातल्या भटक्या लोकांचे काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे तंबू असतात, त्याचं हे साठ हजार माणसं बसतील एवढं रूप. आत शिरलं की छताच्या आतल्या बाजूला लाल विणकामाची नक्षी. 2022 च्या वर्ल्ड कपची पहिली मॅच इथेच झाली. माझ्या मागच्या रांगेतला एकजण कुठल्याशा स्टेडियमच्या सेंट्रिंगवर होता. कुठल्या, ते त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. कतारला वर्ल्ड कप मिळाल्यानंतरच्या दहा वर्षांत भारत, नेपाळ, बांगलादेश, पाकिस्तान आणि श्रीलंकेचे साडेसहा हजारांवर कामगार तिथे मरण पावले, असं गार्डियनने 2021 मध्ये छापलं होतं. त्यातले कितीजण बांधकामावर गेले यावर वाद झाला, अजून आहे. तो माणूस मात्र छताकडे बोट दाखवून आपल्या पोराला काहीतरी समजावून सांगत होता, आणि त्याच्या सांगण्यात तक्रारीपेक्षा तोरा जास्त होता. माणसाचं असंच असतं.

सीरियालाही जिंकणं भाग होतं. त्यांचे लोकही बरेच होते, कोपऱ्यात, आमच्याइतकेच जोरात. पूर्वार्ध 0-0. उत्तरार्धाच्या सुरुवातीलाच झिंगन गुडघा धरून खाली बसला आणि त्याला बाहेर न्यावं लागलं. बचाव त्याच्याभोवती उभा होता, तो सैल पडला. तरी पाऊण तासापासून सव्वा तासापर्यंत वाटत राहिलं की एक, फक्त एक, कुठून तरी येईल. कॉर्नर मिळाला की चाळीस हजार लोक उभे राहत. आपला छांगटे डावीकडून सुटला की बायका-मुलं किंचाळत. शहात्तराव्या मिनिटाला ओमर ख्रिबिनचा जमिनीलगतचा फटका गुरप्रीतच्या हाताखालून गेला. त्यानंतरची पंधरा मिनिटं आपण चेंडू पुढे भिरकावत राहिलो. शिट्टी वाजली तेव्हा सीरियाचे खेळाडू गवतावर पडून रडत होते. आशिया चषकाच्या बाद फेरीत त्यांचा देश पहिल्यांदाच पोहोचला होता. घरी युद्धाचं दशक उलटून गेलेलं, मैदानं धड नाहीत, घरच्या मॅच परदेशात खेळायच्या. त्यांच्या आनंदावर रागवायला जमेना.

आपला हिशोब असा: तीन मॅच, शून्य गुण, शून्य गोल. आशिया चषकात आपण या आधी चार वेळा खेळलो. 1964 मध्ये चार संघांत दुसरे आलो. 1984 ला गोल नव्हता, पण इराणशी बरोबरी होती. 2011 ला तिन्ही हरलो, तेरा गोल खाल्ले, पण तीन केले, त्यातले दोन छेत्रीचे. 2019 ला थायलंडला चार घातले. गुणही नाही आणि गोलही नाही, हे पहिल्यांदा दोह्यात घडलं.

आणि खरी कळ पुढे आली. गुरुवारी सगळ्या गटांचे निकाल लागले. ओमानने खरोखर बरोबरी केली, चीनने खरोखर एकही गोल केला नाही, इंडोनेशिया जपानशी खरोखर हरला. तिसऱ्या क्रमांकांत ओमान आणि चीन प्रत्येकी दोन गुणांवर अडकले, आणि इंडोनेशिया तीन गुणांवर पुढे गेला. म्हणजे अल बैतच्या त्या मॅचमध्ये आपण 1-0 ने जरी जिंकलो असतो, तरी तीन गुणांवर भारत शेवटच्या सोळात असता. परोट्याच्या कागदावरचं गणित शंभर टक्के बरोबर होतं. फक्त त्यात आपला गोल धरला होता.

गोल का होत नाही, याची कारणं सांगायला तज्ज्ञ लागत नाही. आपल्या आयएसएलमध्ये मैदानावर चार परदेशी खेळाडू चालतात, आणि नऊ नंबरचा शर्ट बहुतेक क्लब त्यांच्यापैकीच कोणाला तरी देतात. भारतीय पोरगा कडेने पळतो, चेंडू आत टाकतो, घालतो स्पॅनिश किंवा ऑस्ट्रेलियन. मग देशाच्या संघात आल्यावर आत कोण? छेत्री. तो 2011 मध्ये याच शहरात गोल करत होता आणि 2024 मध्येही तोच पुढे, एकोणचाळीस वर्षांचा, 93 आंतरराष्ट्रीय गोल नावावर. प्रशिक्षक इगोर स्तिमाच चार आठवड्यांचं शिबिर मागत होते. संघ दोह्यात उतरला 30 डिसेंबरला, म्हणजे जेमतेम दोन आठवडे मिळाले, कारण लीगचं वेळापत्रक. अन्वर अली, जीक्सन सिंग, आशिक कुरुनियन दुखापतींमुळे आलेच नव्हते. ही सगळी कारणं खरी आहेत. पण उझबेकिस्तानने बारा-पंधरा वर्षांच्या पोरांपासून सुरुवात केली होती आणि आपण दोन का चार आठवडे यावर भांडत होतो, याला काय म्हणायचं? कोल्हापूरच्या अनिकेत जाधवने 2017 चा सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप खेळला तेव्हा आम्ही मिरवणूक काढली. त्या संघातली किती पोरं आज फॉरवर्ड म्हणून भरात आहेत, हे कुणीतरी मोजायला हवं. मोजण्याइतके आकडे होणार नाहीत, ही भीती आहे.

मंगळवारी संध्याकाळी अल खोरहून परतलो तेव्हा चेट्टनने ओढून एका चहाच्या हॉटेलात नेलं. टीव्हीवर पॅलेस्टाइन आणि हाँगकाँग. गाझात तेव्हा बाँब पडत होते. पॅलेस्टाइनच्या काही खेळाडूंचे नातेवाईक त्यात गेलेले, संघाला घरी सराव करायला जागा नाही. त्यांनी तीन गोल घातले, आशिया चषकातला पहिला विजय मिळवला आणि बाद फेरी गाठली. त्या हॉटेलात अरब, मलबारी, बंगाली, नेपाळी सगळे टेबलं बडवत होते. निळा शर्ट घातलेली, तासापूर्वी रडलेली पोरंही. चहावाल्याने कोणाकडून पैसे घेतले नाहीत. आपल्या पराभवाला पाच तासही झाले नव्हते आणि मी दुसऱ्याच देशासाठी ओरडत होतो. यात मला कसलाही विरोधाभास वाटला नाही. ओरडायचं तेवढं शिल्लक होतं, गोलाअभावी वापरलं गेलं नव्हतं.

परतायच्या आधी त्याच अहमद बिन अली स्टेडियमवर ताजिकिस्तान आणि यूएईची मॅच पाहिली. ताजिकिस्तानची लोकसंख्या कोटभर, या स्पर्धेत पहिल्यांदाच आलेले. 1-1 नंतर पेनल्टीवर जिंकून ते उपांत्यपूर्व फेरीत गेले. त्यांचे स्वतःचे प्रेक्षक मूठभर, पण बाजूने ओरडणारे बरेच, आणि त्यांत निळे शर्ट पुष्कळ. शेवटी चषक कतारनेच नेला, अंतिम सामन्यात जॉर्डनला 3-1 ने हरवून. तिन्ही गोल अक्रम अफिफचे, तिन्ही पेनल्टी.

पुढची हकीकत सगळ्यांना ठाऊक आहे. क्रमवारीत आपण 117 वर घसरलो. मार्चमध्ये गुवाहाटीत अफगाणिस्तानने हरवलं, जूनमध्ये छेत्री निवृत्त झाला, स्तिमाच गेले. दुसरे प्रशिक्षक आले, तेही गेले. 2025 मध्ये छेत्रीला परत बोलवावं लागलं, वय चाळीस. त्या ऑक्टोबरात गोव्यात, फातोर्ड्याच्या मैदानावर सिंगापूरने आपल्याला 2-1 ने हरवलं आणि 2027 चा आशिया चषक आपल्याविना होणार हे पक्कं झालं. छांगटेने त्या मॅचमध्ये पहिला गोल सुरेख घातला होता. घरच्या मैदानावर.

2027 ची स्पर्धा सौदी अरेबियात आहे. फातोर्ड्याच्या रात्री चेट्टनचा फोन आला. मला वाटलं रडगाणं गाईल. त्याचं म्हणणं वेगळंच होतं. दोह्याहून अल खोबर गाडीने काही तासांवर, गट करून गेलं तर स्वस्त पडेल, त्याने साहेबाच्या कानावर आताच घातलंय, मी मुंबईहून किती आधी निघणार? मी म्हटलं, अरे, आपला संघच नाही तिथे. तो म्हणाला, ते कळलंय, पण सिंगापूर असेल तर त्यांच्याविरुद्ध ओरडायला कोणीतरी नको का? महिन्याभरात सिंगापूरने हाँगकाँगलाही हरवून जागा पक्की केली. त्याच संध्याकाळी त्याचा निरोप आला, दोनच शब्दांचा: तिकीट बघ.

व्हिसाचं काय करायचं ते मी आता शोधतोय.